जाड लोकर घ्या, भरीत पार्टीच्या आधी मफलर होतो

भुसावळात राहून लोकर विणते म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेलाच असतो, अगं मे महिन्यात इथे पारा ४५ ला जातो आणि तू लोकर काय घेऊन बसलीस! मान्य आहे, पण जानेवारीत रात्रपाळीची लाइट आली म्हणून पहाटे केळीला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा ना, नाहीतर माझ्यासारख्या सकाळच्या गाडीने जळगावला अप-डाउन करणाऱ्यांना विचारा. आपल्याकडची थंडी कडक असते पण थोडे दिवस असते, दिवाळीनंतर येते आणि संक्रांत झाली की निघायच्या तयारीला लागते. म्हणूनच मी नवीन शिकणाऱ्याला सांगते की बारीक लोकरीच्या नादी लागू नका, स्वेटर पूर्ण होईपर्यंत होळी येते आणि मग तो ट्रंकेत जातो. पहिल्या वर्षी माझं हेच झालं होतं.

थोडा हिशोब सांगते म्हणजे पटेल. १८ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब असा साधा मफलर धरा, सगळ्या ओळी सुलट टाक्याच्या. नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीत (तिला डीके म्हणतात) १० सेंटिमीटरला साधारण २२ टाके बसतात, म्हणजे ४० टाके आणि साडेसहाशेच्या वर ओळी, झाले २६ हजारांच्या आसपास टाके. तोच मफलर चंकी म्हणजे जाड लोकरीत २० टाके आणि ३६० ओळी, म्हणजे सात हजारांच्या थोडं वर. सरळ पाव काम! भुसावळ ते जळगाव जायला गाडीला साधारण अर्धा तास लागतो, त्यात बसायला जागा मिळाली तर नवशिक्या हाताने बारा ओळी होतात, येताना बारा, म्हणजे दिवसाला दहा सेंटिमीटर. पंधरा दिवस गाडी केली की मफलर तयार, आणि ते पंधरा दिवस मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो नाही हा फायदा वेगळाच.

विणायला काय मजा येते हे सांगणं खरं तर अवघड आहे, पण एक मात्र नक्की, हात चालू असले की डोकं शांत होतं. शाळेतली कटकट, घरचा गॅस संपलाय, पोराची परीक्षा, हे सगळं पहिल्या दोन-तीन ओळींत चालू असतं, नंतर कुठे जातं कळत नाही. आणि लेडीज डब्यात विणकाम काढलं की ओळख नसलेल्या बायका पण बोलायला लागतात, एक म्हणते माझी आई असंच विणायची, दुसरी म्हणते हात लावून बघू का, तिसरी सरळ चूकच काढते (आणि ती बरोबर असते). माझी अमळनेरची मावशी, तिने जन्मभर बारा नंबरच्या सुयांवर बाळाचे मोजे-टोपरी केलेत, तिने माझा पहिला जाड गुंडा हातात घेतला आणि म्हणाली, काय वं पोरी, हाई लोकर शे का दावं? तेव्हापासून आमच्या घरात चंकी लोकरीला दावंच म्हणतात.

आता लोकर निवडायची कशी. चंकी किंवा बल्की म्हणजे लेबलवर ५ नंबर असतो, ० पासून ७ पर्यंतचे आकडे आहेत, ० सगळ्यात बारीक आणि ७ म्हणजे अंगठ्याएवढी जाड, ती ऑनलाइन फोटोत ब्लँकेटची असते ती. ५ नंबरला १० सेंटिमीटरमध्ये १२ ते १५ टाके आणि साडेपाच ते ८ मिलिमीटरच्या सुया. ६ नंबर म्हणजे सुपर बल्की, ७ ते ११ टाके. ७ नंबरच्या मोहात आत्ता पडू नका, ती बऱ्याचदा पिळ नसलेली, नुसती पिंजलेली लोकर असते, फोटोत छान दिसते पण चार दिवस वापरली की गोळे गोळे येतात आणि धुणं म्हणजे परीक्षाच. लेबलवर वजनाबरोबर मीटर पण बघा, कारण वजन सारखं असलं तरी लांबी वेगळी असते. १०० ग्रॅमला १०० ते १३० मीटर असेल तर ती चंकी समजायची, नाव काहीही लिहिलेलं असो. मफलरला अडीचशे ग्रॅम घ्या, थोडी उरली तर चालते, कमी पडली तर रडू येतं. आणि सगळे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, तो नंबर लेबलवर छापलेला असतो. मी एकदा तिसरा गुंडा महिन्याने मागवला, स्क्रीनवर तोच मरून रंग, घरी आला तर गळ्यावर सरळ पट्टा उठून दिसतो, आता विचारलं की सांगते डिझाइनच तसं आहे.

आपल्याकडच्या दुकानात मात्र चंकी सहजासहजी मिळत नाही हे आधीच सांगून ठेवते. जळगाव-धुळ्याच्या बाजारात लोकर मिळते, वर्धमान, गंगा, ओसवाल ही लुधियानाची नावं दिसतात, पण काउंटरवर जास्त करून नेहमीच्या जाडीचीच असते, आणि चंकी पाहिजे म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहतो. त्याला उपाय सोपा आहे, साध्या लोकरीचे दोन गुंडे घ्या आणि दोन्ही धागे एकत्र धरून एकच समजून विणा, ६ किंवा साडेसहा मिलिमीटरच्या सुईवर. तीन पदर घेतले तर ८ ची सुई. दोन वेगळे रंग एकत्र धरले तर काय सुंदर मिसळ दिसते, राखाडी आणि मोरपंखी धरून बघा. फक्त सुई घालताना दोन्ही धागे उचलले जातायत ना हे बघायचं, एक सुटला की मागे लोंबतो.

कशाची लोकर हा पुढचा प्रश्न, आणि इथे माझं मत जरा ठाम आहे. शिकायला ॲक्रेलिक घ्या, स्वस्त असते, घरी धुता येते, उसवली तरी जीव तुटत नाही, कसर लागत नाही. पण मफलर शेकोटीजवळ घालायचा असेल, आणि खान्देशात हिवाळ्यात तो घालून माणूस जातो कुठे तर शेतात भरीत पार्टीला, तर खऱ्या लोकरीचा विचार करा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली की ठिणग्या उडतातच, आणि ॲक्रेलिकवर ठिणगी पडली की ते वितळतं, भोक पडतं आणि कडेला कडक मणी बनतो. मिस्टरांच्या मफलरला असं हरभऱ्याएवढं भोक आहे. खरी लोकर सहसा पेटत नाही, ठिणगी तिथल्या तिथे विझते. घेतलेली लोकर खरी आहे का बघायचं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा, केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर, टणक गोळी झाली तर ॲक्रेलिक, कागद जळल्यासारखा वास तर सुती. अंगाला टोचते का ते बोटांनी कळत नाही, बोटं भांडी घासून राठ झालेली असतात, मानेला नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूला दोन मिनिटं लावून बसा.

आपण कपाशीच्या मुलखातले, मग जाड सुती धागा का नाही असं मला खूप जण विचारतात. घ्या की, पण गळ्यासाठी नको. सूत ताणून परत जागेवर येत नाही आणि जाड झालं की वजनाने लोंबतं. पिशवी, पायपुसणं, टेबलावरची चटई याला मात्र एकदम भारी. त्याहून भारी म्हणजे जुनी सुती साडी, गोधडीला देतो तीच, तीन बोटं रुंद पट्ट्या नागमोडी कापत जा म्हणजे गाठी माराव्या लागत नाहीत, एका साडीतून शंभर-सव्वाशे मीटर पट्टी सहज निघते, झाली फुकटातली चंकी.

रंग फिका घ्या. पिस्ता, मोतिया, हळदीसारखा पिवळा, कुठलाही, पण काळा आणि नेव्ही ब्लू नको, ट्यूबलाइटखाली टाका दिसत नाही. आणि ती मखमलीसारखी गुबगुबीत लोकर असते ना, दुकानात हात लावला की सोडवत नाही, ती पहिल्यांदा अजिबात घेऊ नका, तिच्यात टाके दिसतच नाहीत आणि उसवायला गेलं की रोवे झडून नुसता दोरा हातात राहतो. पिळदार, गुळगुळीत, दोन-तीन पदरी लोकर बघा, सुईचं टोक मध्येच घुसून पदर फाकत नसेल तर ती चांगली.

सुयांच्या नंबरात सगळे फसतात. आपल्याकडे जुना ब्रिटिश नंबर चालतो, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते, बारा नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे ४, आणि चंकीला लागणारी ८ मिलिमीटरची सुई म्हणजे शून्य नंबर. अमेरिकन नंबर बरोबर उलटा चालतो, तिथे हीच सुई ११ नंबरची. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटरच विचारा. गाडीत विणणार असाल तर मधे वायर असलेल्या सर्क्युलर सुया घ्या, लांब सरळ सुयांचं टोक शेजारणीच्या बरगडीत जातं आणि मग मैत्री संपते. उन्हाळ्यात हाताला घाम आला की लोकर स्टीलला चिकटून चरचरते, तेव्हा बांबूच्या बऱ्या.

चला, सुरू करू. मीटरभर लोकर सोडून सुईवर २० टाके घाला, सैल, आवळू नका. टाके असलेली सुई डाव्या हातात. उजव्या सुईचं टोक पहिल्या टाक्यात समोरून मागे घाला, दोन सुयांची फुली होते आणि उजवी सुई मागे राहते. मागची लोकर तिच्या टोकावरून एकदा फिरवा, फिरवलेला धागा टाक्यातून पुढे ओढून घ्या, मग डाव्या सुईवरचा जुना टाका घसरवून सोडून द्या. झाला सुलट टाका. बस, हेच ३६० ओळी. दोन ओळी झाल्या की एक आडवी वळकटी दिसते, शेतातल्या सरीसारखी, ओळी मोजायच्या तर त्या वळकट्या मोजा आणि दुप्पट करा. उलट टाका नंतर शिका, घाई नाही.

पहिल्या आठवड्यात हमखास होणारी गोष्ट म्हणजे २० चे २३ टाके होतात आणि मफलर तिरका पसरत जातो. कारण कडेला असतं. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि आपण ते दोन टाके समजून विणतो. धागा खाली ओढून धरा मग विणा, आणि पाच-सहा ओळींनी टाके मोजत चला. टाका गळाला तर घाबरू नका, जाड लोकरीत तो लगेच दिसतो, क्रोशाच्या सुईने वर चढवून घ्यायचा, बारीक लोकरीत हेच शोधताना चष्म्याचा नंबर वाढतो. नवीन गुंडा ओळीच्या कडेलाच जोडा, वीतभर शेपूट सोडून, मधे गाठ नको. शेवटी टाके बंद करताना हात मुद्दाम सैल ठेवा, नाहीतर टोक चोळीच्या नाडीसारखं आवळतं.

मफलर झाला की टोपी, आणि टोपीला आधी नमुना विणायचाच. मी नाही विणला. कुठल्यातरी दुसऱ्या लोकरीसाठी सांगितलेले ७२ टाके भाच्यासाठी घातले, माझ्या हाताला १० सेंटिमीटरला ११ टाके बसतात हे मोजलंच नव्हतं, टोपीचा घेर झाला ६५ सेंटिमीटर. भाच्याच्या हनुवटीपर्यंत आली. शेवटी ती स्वयंपाकघरातल्या माठावर बसवून बघितली तर काय फिट बसली, अजून फोटो फिरतो नातेवाइकांत. तर बशीएवढा तुकडा विणा, पट्टीने मोजा, मग गणित करा. डोकं ५४ सेंटिमीटर असेल तर टोपी ५० ची पाहिजे म्हणजे धरून बसते, ११ टाक्यांच्या हिशोबाने ५५, दोन सुलट दोन उलट करायचं असेल तर चाराच्या पटीत ५६. २० सेंटिमीटर उंची झाली की दोन-दोन टाके एकत्र विणत कमी करा, उरलेल्यांतून धागा ओवून आवळा, बाजूला शिवून टाका.

धुताना खरी लोकर गार पाण्यात, थोडा शाम्पू घालून, चोळायची नाही आणि पिळायची तर मुळीच नाही, गरम पाण्यात घासली की आटून नमदा होतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत खाटेवर पसरून वाळवा, दोरीवर टाकलं तर ओल्या वजनाने जाड मफलर हातभर लांब होतो. ॲक्रेलिकला गरम इस्त्री लावू नका. भरीत पार्टीहून आल्यावर मफलरला धुराचा वास येतोच, त्यासाठी लगेच धुवायला काढू नका, रात्रभर गच्चीवर खाटेवर टाकून ठेवा, सकाळी बराचसा गेलेला असतो.