आईचा अल्बम आणि आय ऑफ ग्नोम

आईच्या लग्नाच्या अल्बममधले दोनशेएक फोटो मी स्कॅन केले. निम्मे आडवे आलेले. ते सरळ करायला मोठं एडिटिंग सॉफ्टवेअर उघडू नका. लिनक्स या संगणक प्रणालीवरचं, फोटो बघायचं छोटं सॉफ्टवेअर आय ऑफ ग्नोम पुरतं. ते मुक्त आहे, फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. उबंटू हा लिनक्सचा प्रकार वापरत असाल तर त्याच्या अ‍ॅप सेंटरमध्ये मिळेल. टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, घ्यायचं तर पॅकेजचं नाव ई-ओ-जी ही तीन अक्षरं.

आधी फोल्डरची प्रत करा. हे टाळू नकाच, जुना फोटो पुन्हा मिळत नाही.

मग पहिला फोटो उघडा. उजव्या बाणाने पुढचा, डाव्याने मागचा. आडवा दिसला की कंट्रोल आणि आर: घड्याळाच्या दिशेने वळतो. सोबत शिफ्ट दाबलं की उलट. वळवल्यावर कंट्रोल-एस दाबायचंच, नाहीतर बदल फक्त पडद्यावर राहतो, फाइलमध्ये उतरत नाही.

माउसचं चाक फिरवून जवळून बघा. आजीच्या नथीतला मोती मला असाच दिसला, छापील फोटोत तो नुसता ठिपका होता.

घरच्यांना दाखवायचे तर एफ-५. फोटो आपोआप पुढे सरकतात, आईला नावं सांगायला हात मोकळे.