घरी ड्रेस शिवताय? कापड दुकानापासून शेवटच्या टिपेपर्यंत या चुका टाळा

घरी शिवलेला कुर्ता पहिल्याच धुण्यात आखडतो, गळा पुढे झुकतो, बाजूची शिवण फिरून पोटाकडे येते. मग दोष मशीनला दिला जातो, नाहीतर "आपल्याला काही शिवण जमत नाही" म्हणून कापड कपाटात जातं. पण असा बिघडलेला कपडा नीट उसवून पाहिला तर शिलाई बहुतेक वेळा ठीकठाक असते. नुकसान त्याआधीच झालेलं असतं: थोडं दुकानात आणि बरंचसं कापड बेतताना. म्हणून या लेखात मशीनवरच्या चुकांपेक्षा मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच्या चुकांबद्दल जास्त लिहिलंय.

पन्हा (कापडाची रुंदी) न विचारता कापड घेणं

"कुर्त्याला किती लागेल हो?" असं विचारलं की दुकानदार सवयीने "अडीच मीटर" सांगतो. हे उत्तर 44 इंची पन्ह्याला लागू पडतं. पन्हा बदलला की हिशेबही बदलतो. तो हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता आला पाहिजे, आणि तो अवघड मुळीच नाही.

उदाहरण म्हणून छाती 36 आणि उंची 42 इंच असलेला साधा कुर्ता घेऊ. उंचीत खांद्याची अर्धा इंच माया (शिवणीत आत जाणारं जादा कापड) आणि खालच्या हेमचे, म्हणजे दुमडीचे, दीड इंच मिळवले की झाले 44 इंच. खालचा घेर मायेसकट पुढे 25 आणि मागे 25 इंच धरा. आता 44 इंची पन्ह्यात 25 आणि 25 शेजारी शेजारी बसणार नाहीत. म्हणजे पुढचा भाग आणि मागचा भाग एकाखाली एक घ्यावे लागणार: 44 दुणे 88 इंच. शेजारी 19 इंचांची जी पट्टी उरते तिच्यात दोन्ही बाह्या आणि गळ्याच्या पट्ट्या निघतात. 88 इंच म्हणजे सव्वादोन मीटर. सुती कापड पाण्यात पडल्यावर पाच टक्के आटेल असं धरलं, तर अडीच मीटर घेणं योग्य.

हेच कापड 58 इंची पन्ह्याचं असेल तर दोन्ही भाग शेजारी शेजारी बसतात. मग एक उंची 44 आणि पाऊण बाहीसाठी 20, असे 64 इंच लागतात. आटण्याचा अंदाज धरून पावणेदोन मीटर पुरतं. इथे अडीच मीटर घेतलं तर पाऊण मीटर उगाच उरतं आणि त्याचे पैसे जातात.

खणाचे ड्रेस शिवायची हौस असलेल्यांनी तर हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. पारंपरिक खण चोळीसाठी विणला जातो, त्याचा पन्हा जेमतेम 30-32 इंच असतो. शेजारी बाह्या बसत नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात आणि याच मापाच्या कुर्त्याला तीन मीटरच्या आसपास कापड लागतं. हल्ली मोठ्या पन्ह्याचं खणासारखं दिसणारं कापडही मिळतं. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात, तेव्हा पन्हा टेपने मोजूनच घ्या.

एकाच दिशेची नक्षी (सगळे मोर एकीकडे तोंड करून), मोठ्या चौकडी, आडवे पट्टे यांना अजून पाव ते अर्धा मीटर जास्त लागतं. पट्टे बाजूच्या शिवणीत जुळले नाहीत तर कुर्ता कितीही नीट बसला तरी घरगुती दिसतो. इथे काटकसर करू नका.

कापड फक्त डोळ्यांनी निवडणं

कापडाला हात लावा, आणि नीट लावा. एक कोपरा मुठीत घट्ट चुरगाळून सोडा: सुरकुत्या किती राहतात ते कळतं. दोन बोटांत धरून चोळा. पांढरी भुकटी निघाली आणि चोळलेली जागा लगेच विरळ दिसू लागली तर त्या कापडाचा भरीवपणा खळीचा आहे, धुतल्यावर ते लुळं पडणार. प्रकाशासमोर धरा, म्हणजे अस्तर लागणार की नाही हे तिथेच ठरेल. गडद लाल, निळं, अजरख किंवा कलमकारी असेल तर ओला पांढरा रुमाल घासून बघा. मुंबईत मंगलदास मार्केटला जा, दादरला हिंदमाताला, किंवा पुण्यात लक्ष्मी रोडला. गिऱ्हाईक पारखून घेतंय याचा चांगल्या दुकानदाराला राग येत नाही.

"प्युअर कॉटन" या शब्दावर विसंबू नका. कडेचे चार धागे काढून घ्या आणि घरी आल्यावर चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी उरतो. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. रेयॉनही सुतासारखंच जळतं, त्यामुळे या दोघांतला फरक या परीक्षेत कळत नाही. पण घामाच्या दिवसांत घालायच्या कपड्यात पॉलिस्टर किती मिसळलंय याचा अंदाज नक्की येतो.

अस्तर, रीळ आणि बाकी सामान नंतर बघू म्हणणं

कापड एका फेरीत आणि सामान दुसऱ्या फेरीत घेतलं की रंग हमखास चुकतो. कापड घेतल्यावर त्याच दिवशी, तेच कापड हातात घेऊन सामान घ्या. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी लक्ष्मी रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, मग आळस कशाला?

रिळाचा रंग गुंडाळलेल्या रिळावरून ठरवू नका. एक धागा सोडवून कापडावर टाका आणि दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि हिरवा सारखेच दिसतात. तंतोतंत रंग मिळत नसेल तर एक छटा गडद घ्या, फिकट टीप उठून दिसते. स्वस्तातलं रीळ घ्यायच्या आधी धागा दोन हातांत धरून झटका द्या. तटकन तुटला किंवा त्यावर गाठी आणि केसाळ तुसं दिसली तर ते मशीनमध्ये तुम्हाला दर वीतभर अंतरावर थांबवणार.

अस्तराबद्दल माझं मत ठाम आहे: सुती कापडाला सुतीच अस्तर. क्रेपचं अस्तर दिसायला छान पडतं, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते अंगाला चिकटतं.

कोरं कापड तसंच कापणं

सगळ्यात जास्त ड्रेस या चुकीने वाया जातात. "शिवून झाल्यावर धुऊ की" असं म्हणणाऱ्यांनी साधा हिशेब करावा: पाच टक्के आटणाऱ्या कापडाचा 42 इंची कुर्ता पहिल्या धुण्यानंतर 40 इंचांच्याही आत येतो. रेयॉन याहूनही जास्त आटू शकतं. पूर्ण कपडा सारखा आखडला तर एकवेळ धाकट्या बहिणीला तरी देता येतो. पण वरचं कापड आटलं नाही आणि अस्तर आटलं, की वरचं कापड जागोजागी फुगतं आणि गळ्यापाशी चुण्या पडतात. त्याला अस्तर काढून नवीन लावण्यावाचून उपाय नाही.

म्हणून सुती कापड आणि सुती अस्तर, दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी न पिळता निथळायला टाका, सावलीत वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवा, तिरकी ओढू नका. रंग जात असेल तर पाणी नितळ येईपर्यंत कापड वेगळं धूत राहा. मूठभर मीठ टाकलं की रंग पक्का होतो ही समजूत घरोघरी आहे, पण रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मिठाने बसत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. नाडी, सुती लेस आणि बकरम (गळ्याला कडकपणा देणारं कापड) हेही भिजवून घ्या. पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर जॉर्जेटला भिजवायची गरज नसते. रेशमाला पाणी न लावता वाफेची इस्त्री पुरते.

उभ्या धाग्याकडे दुर्लक्ष

बाजूची शिवण फिरून पुढे येते ती याच कारणाने. कापडाच्या किनारीला समांतर जातो तो उभा धागा. कुर्त्याचा मधला भाग त्याच्याशी समांतर नसेल तर कपडा धुण्यागणिक पिळत जातो आणि इस्त्रीने तो सरळ होत नाही.

दुकानातून आलेल्या तुकड्याची टोकं सरळ आहेत असं गृहीत धरू नका. टोकाला छोटा काप द्या, एक आडवा धागा चिमटीत पकडून हळूहळू ओढा. कापडावर जी रेघ उमटते तिच्यावरून कापा. मग घडी घालून बघा. कोपरे जुळत नसतील तर कापड तिरकं झालंय. ते थोडं दमट करून, आखूड पडणारे दोन समोरासमोरचे कोपरे दोघींनी धरून ओढलं की बऱ्याच वेळा सरळ होतं.

घडी कशी घालायची हेही पन्ह्यावर ठरतं. 44 इंचीत एकीकडून 13 इंचच आत दुमडा, म्हणजे दुहेरी भागावर कुर्ता आणि एकेरी उरलेल्या पट्टीवर बाह्या. 58 इंचीत दोन्ही किनारी मध्यावर आणा, दोन घड्या मिळतात: एकीवर पुढचा भाग, दुसरीवर मागचा. आणि एकेरी कापडावर बाह्या कापताना दुसरी बाही कागद पालथा करूनच आखा. बाहीची पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खोलगट असते. कागद पालथा केला नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात आणि हे कळतं ते मुंढ्याला (बाही बसते त्या गोलाईला) जोडताना.

माप, लूझिंग आणि माया यांची गल्लत

अंगावरचं माप 36 असेल तर ते कपड्याचं माप नव्हे. न ताणणाऱ्या कापडाला छातीवर तीनएक इंच लूझिंग (अंगाभोवतीची सैल जागा) हवं. म्हणजे 39, त्याचा चौथा भाग पावणेदहा, आणि त्यावर बाजूची माया दीड इंच: सव्वाअकरा. ही माया सढळ ठेवा, पुढे कपडा सैल करता येतो. पण जुन्या कुर्त्यावरून माप घेत असाल तर त्यात लूझिंग आधीच असतं, पुन्हा मिळवू नका. झबल्यासारखे दिसणारे कुर्ते बहुतेक याच दुहेरी हिशेबाचे असतात.

गळ्याचं उलटं आहे. बाजूला माया विसरली की कपडा लहान होतो, गळ्याला माया विसरली की गळा मोठा होतो. घडीवर तीन इंच रुंद गळा हवा असेल आणि तुम्ही तीनवरच कापलात, तर पाव इंच टीप आत गेल्यावर तो सव्वातीन होतो, म्हणजे पूर्ण गळा अर्धा इंच रुंद. खांदे उतरायला एवढं पुरतं. म्हणून पावणेतीनवर कापा. कापल्या कापल्या गळ्याच्या कडेने एकेरी टीप मारून घ्या, कारण गळ्याची गोलाई उरेब (तिरक्या धाग्यावर) असते आणि नुसत्या हाताळण्यानेही ती ताणली जाते. क्रॉसपट्टी (तिरकी कापलेली पट्टी) लावताना पट्टी किंचित ओढून धरा, गळा ओढू नका. उलटवण्याआधी गोलाईला टिपेच्या जवळपर्यंत छोटे कट द्या.

नवीन बेताचा पहिला कपडा महागड्या कापडावर करू नका. मांजरपाट किंवा जुनी चादर घेऊन नुसता वरचा भाग, कंबरेपर्यंत, लांब टाक्यांनी जोडून अंगावर घालून बघा. मुंढा काचतोय का, टक्स (छातीजवळ चिमटा घेतलेल्या शिवणी) योग्य जागी येतात का, हे त्यात लगेच कळतं.

मशीन त्रास देत असेल तर

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळ्या जणी बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) काढून बसतात. बहुतेक वेळा कारण वरच्या दोऱ्यात असतं. प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठेवणाऱ्या, चकत्यांमध्ये बसत नाही. फूट वर करा, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, आणि मगच टेन्शनच्या स्क्रूला हात लावा.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. सुईची लांब खाच ज्या बाजूला आहे तिकडून दोरा ओवून चपट्या बाजूने बाहेर यायला हवा. उलटी बसलेली सुई टाका धरतच नाही. मलमलला 11 नंबर, पॉपलीन-केम्ब्रिकला 14, डेनिमला 16. होजियरीला बोथट टोकाची बॉल पॉइंट सुई लागते, साध्या सुईने तिथे टाके सुटतातच. पातळ कापड टिपेवर गोळा होत असेल तर सुई बारीक करा आणि टेन्शन थोडं सैल करा. साध्या शिलाईला इंचात दहा-बारा टाके योग्य.

मागून कापड ओढू नका, सुई वाकते आणि तुटते. पुढे सरकवायचं काम फुटाखालच्या दात्यांचं आहे.

शेवटची घाई

प्रत्येक शिवण पुढच्या शिवणीखाली जाण्याआधी इस्त्री करा. इनव्हिजिबल चेन लावायची असेल तर तिच्याखालची शिवण आधी बंद करू नका, चेन बसल्यावर करा. अस्तर वरच्या कापडापेक्षा इंचभर आखूड ठेवा. अंब्रेला घेराचा ड्रेस असेल तर हेम त्याच दिवशी मारू नका. तो हँगरला एक रात्र, जमलं तर दोन, लटकवून ठेवा. उरेब भाग खाली उतरतात आणि घेर जागोजागी लांब दिसतो. मग ड्रेस अंगावर घालून कोणाला तरी जमिनीपासून पट्टीने माप घेत खडूच्या खुणा करायला सांगा, जादा कापड छाटा आणि मगच हेम घाला.