प्रसूती रजा संपवून रुजू होताय? साहेब चांगले असले तरी अर्ज द्या

केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी नोकरी करते. डाव्या पायाला पोलिओ, त्यावर कॅलिपर (आधाराची पट्टी) आणि एक कुबडी. नुकत्याच नोकरीला लागलेल्या आणि आता आई होणार असलेल्या माझ्यासारख्या दिव्यांग मुलींसाठी हे लिहितेय. 180 दिवसांची प्रसूती रजा, 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हे तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही.

रजा कुणी अडवत नाही. खरी परीक्षा रुजू झाल्यावर. आस्थापना शाखेत एका फाइलीत तुम्ही दिव्यांग असता, दुसऱ्या फाइलीत बाळंतपणाहून परतलेल्या. दोन्ही फाइली एकदम कुणी उघडत नाही. एका हातात कुबडी असताना बाळ घेऊन जिना कसा चढायचा, हे दोन्हीकडे नसतं. आमच्याकडे दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दार उघडलं की झाडू अंगावर पडायचे आणि कमोडवर फिनेलचे कॅन रचलेले असायचे.

आता सापळा. तो म्हणजे चांगला साहेब. माझे तेव्हाचे साहेब देवमाणूस. "मॅडम, तासभर उशिरा या, तळमजल्यावर बसा, कागदबिगद काही नको." वर्षाच्या आत त्यांची बदली झाली. नव्या साहेबांपुढे बायोमेट्रिकचा तक्ता गेला, तर माझ्या नावापुढे नुसते लेट मार्क. मेमो आला, किरकोळ रजा कापल्या गेल्या. जुन्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मी बोललो होतो खरा, पण आता माझ्या हातात काय आहे?" तेही बरोबरच होतं.

म्हणून साहेब कितीही भले असोत, अर्ज द्या. त्यात "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" एवढंच लिहून थांबू नका. प्रमाणपत्रावर टक्का असतो, अडचण नसते; ती तुम्हीच लिहायची. कुबडीमुळे बाळ घेऊन जिना चढता येत नाही, म्हणून बसायची जागा तळमजल्यावर हवी. कॅलिपर काढून पुन्हा चढवायला वेळ लागतो, म्हणून दूध पाजायच्या सुटीत तेवढी मिनिटं वाढवून हवीत. खाली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या कलम 20 चा उल्लेख करा. सरकारी आस्थापनेने वाजवी सोयी द्यायच्याच, असं ते कलम सांगतं.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तिथला माणूस म्हणेल, "ठेवून जा मॅडम, नंतर मारतो." ठेवून जायचं नाही. पाय दुखत असेल तर खुर्ची मागा आणि पोच घेऊनच उठा. पण पोच म्हणजे मंजुरी नव्हे, आणि फाइलीतल्या टिपणीवर साहेबांची सही झाली म्हणजे आदेश निघाला असंही नव्हे. तुमचं नाव, वेळ आणि कालावधी असलेला स्वतंत्र आदेश निघायला हवा. त्याची प्रत हजेरी बघणाऱ्या शाखेत पोचायला हवी, नाहीतर मशीन लेट मार्क मोजतच राहतं. उत्तरच आलं नाही तर कलम 23 खाली तक्रार निवारण अधिकारी असतो. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी लागते.

घाबरून जाऊ नका. बहुतेकांच्या मनात वाईट नसतं, त्यांना ठाऊकच नसतं. मला मेमो देणाऱ्या साहेबांनीच पुढे माझ्या आदेशावर सही केली.

पैशाचंही ऐका. केंद्राच्या दिव्यांग महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी विशेष भत्ता असतो. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन अपत्यांसाठी. 2017 पासून महिना 3000 रुपये होता, महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर 2024 पासून 3750 झाला. लेखा शाखा आपणहून आठवण करेल या भरवशावर राहू नका.

खासगी नोकरीत असाल तर त्याच 2016 च्या अधिनियमातल्या कलम 21 खालचं समान संधी धोरण लेखी मागा. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा, हे मालकाला बंधनकारक आहे.

सल्ले देणाऱ्या ज्येष्ठ मैत्रिणींबद्दल माझं मत फारसं बरं नाही. "आम्ही नाही कधी कुरकुर केली" म्हणणाऱ्या बाईंना नमस्कार करा आणि पुढे चला. त्यांच्या घरी सासूबाई होत्या की दोन बायका कामाला, ते त्या सांगत नाहीत. टक्का वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातही उभं करू नका. खोटेपणाने दिव्यांगांचे लाभ घेतले तर कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे, आणि अशा एका खोट्या बाईमुळे खऱ्या दिव्यांग बायकांकडेही संशयाने बघतात, ते वेगळंच.

अर्जात फेरआढाव्याची तारीखही घाला. "किती दिवस चालणार हे?" असं साहेबांनी विचारलं की ती दाखवता येते. शिवाय बाळ चालायला लागलं की गरज बदलते. माझी मुलगी पळायला लागल्यावर पाळणाघरातून तिला आणणं हेच मोठं काम झालं आणि तळमजल्यावरच्या जागेपेक्षा सहाच्या ठोक्याला सुटणं महत्त्वाचं ठरलं. त्यासाठी नवा अर्ज केला, पुन्हा दोन प्रतींत.