दशावताराला लाइट करताय? टायमिंगवर नको, थर लावून क्यू बांधा

दशावतारी नाटकात लाइटवाल्याची पहिली पंचाईत म्हणजे लिहिलेली संहिताच नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद ज्याने त्याने तिथेच उभं राहून करायचे, त्यामुळे राजपार्टी (राजाचं काम करणारा नट) रंगात आली की पाच मिनिटांचा दरबार पंधरा मिनिटं चालतो. मी पहिल्यांदा कुडाळकडच्या एका जत्रेत लॅपटॉप घेऊन बसलो तेव्हा शहाणपणा करून सगळे क्यू (उजेड कधी, कसा बदलायचा त्या खुणा) सेकंदांवर लावले होते, राजा अजून बाकड्यावर बसून बोलतोय आणि इकडे आपोआप रात्र झाली, आतून आवाज आला "रे मेल्या, उजेड खंय गेलो?" तेव्हापासून मी प्रसंगाप्रमाणे अख्खे सीन (साठवून ठेवलेली उजेडाची मांडणी) बांधत नाय, थर बांधतो, म्हणजे चेहरा, वातावरण आणि क्षणाचा उजेड वेगवेगळा ठेवतो.

मी लाइट चालवायचं क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर वापरतो (चौथं व्हर्जन), फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. समजा ८ एलईडी पार (डब्यासारखे गोल दिवे) आहेत, ७ चॅनलच्या मोडवर (लाल, हिरवा, डिमर अशा एकेका गोष्टीला एक चॅनल), तर अ‍ॅड्रेस (प्रत्येकाच्या पहिल्या चॅनलचा नंबर) १, ८, १५, २२ असे, शेवटचा ५०. एकूण ५६ चॅनल झाले, एका युनिव्हर्समध्ये (डीएमएक्स, म्हणजे लाइटला हुकूम नेणाऱ्या सिग्नलच्या एका लाइनीत) ५१२ मावतात, म्हणजे जागाच जागा. चार पार समोरून, चार मागून.

पहिला थर चेहऱ्याचा. समोरच्या चार पारांचा फक्त रंग असलेला एक सीन करा, अंबरकडे झुकलेला पांढरा, आणि तो चालूच ठेवायचा. त्यांचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारे) चॅनल व्हर्च्युअल कन्सोलमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या बटणं-स्लायडरच्या पानावर, एका स्लायडरवर घ्या, लेव्हल मोडमध्ये, म्हणजे स्लायडर थेट त्या चॅनलची किंमत ठरवतो. हा स्लायडर कायम तुमच्या डाव्या हाताखाली. बाकी काही चुकलं तरी तोंड दिसलं पाहिजे, लोक तोंड बघायला आलेत.

दुसरा थर मागच्या चार पारांचा, म्हणजे वातावरण. दरबार, अरण्य, रात्र, राक्षस असे चार सीन, प्रत्येकात नुसते लाल-हिरवा-निळा, मागचा डिमर वेगळ्या स्लायडरवर. आता इथे बरेच जण फसतात. सीन एडिटरमध्ये प्रत्येक चॅनलपुढे टिक असते. टिक आहे आणि किंमत शून्य आहे याचा अर्थ "या चॅनलला शून्य पाठव", आणि टिकच नाय म्हणजे "याला हात लावू नको". थर म्हणजे शेवटी एवढंच, की ज्याचं जे काम नाय ती टिक काढून टाकायची.

दुसरी गोची एचटीपीची (हायेस्ट टेक्स प्रीसिडन्स). उजेडाच्या चॅनलवर दोन सीन एकदम चालू असले तर मोठी किंमत जिंकते, आणि क्यूएलसी प्लस लाल-हिरवा-निळा हे पण उजेडातच धरतं. म्हणजे दरबार बंद न करता रात्र लावलीत तर रात्र होत नाय, मागे नुसता गुलाबीसर गिचका होतो. उपाय सोपा आहे, चारही सीनची बटणं सोलो फ्रेममध्ये (एका वेळी एकच चालू ठेवणाऱ्या चौकटीत) टाका, एक दाबलं की आधीचं आपोआप सुटतं. फेड इन ३ सेकंद दिलात तर फेड आऊट पण ३ द्या, नायतर मध्येच काळोखाचा झटका बसतो.

तिसरा थर वरचा, क्षणाचा. विजेसाठी आठही पार, सगळे रंग आणि डिमर २५५ असा सीन करून बटण फ्लॅश मोडवर ठेवा, दाबलं की लखकन पांढरं, सोडलं की खालची रात्र जशीच्या तशी. इथे तोच एचटीपी आपल्या कामाला येतो बघा. ट्रिकसीनचा (चमत्काराच्या प्रसंगाचा) चेझर, म्हणजे एकामागून एक आपोआप बदलणारे सीन, पण याच थरात, पण सोलो फ्रेमच्या बाहेर.

आडदशावताराचं, म्हणजे आख्यानाआधीच्या भागाचं, वेगळं. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर हा क्रम आधीच ठाऊक असतो, तिथे क्यू लिस्ट (ओळीने लावलेले क्यू) लावा, प्रत्येक स्टेपचा होल्ड (थांबायचा वेळ) अनंत, पुढे जायला स्पेसबार. संकासूर नखशिखांत काळा, त्याला मागून उजेड दिला नाय तर काळोखात नुसता आवाज ऐकू येतो. आणि आख्यान सुरू व्हायच्या आत क्यू लिस्ट आठवणीने थांबवा, नायतर तिचे रंग रात्रभर तुमच्या रंगांत मिसळत राहतील.

वायरिंगचं थोडक्यात: शेवटच्या पारला १२० ओमचा टर्मिनेटर (लाइनीच्या शेवटी लावायचा रोध असलेला प्लग), लॅपटॉपचं स्लीप बंद, आणि खाऱ्या हवेने एक्सएलआरच्या (सिग्नलच्या केबलच्या प्लगच्या) पिना गंजतात त्या जत्रेच्या आधी बघून घ्या. लाइट गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत दोन्ही स्लायडर खाली, मग हळूहळू वर.

तालीम तुम्हाला मिळणार नाय, कंपनी संध्याकाळी येते आणि रंगायला बसते. तेवढ्यात पेटीवाल्या बुवांना चहा पाजा आणि विचारून घ्या, राक्षस कुठून येणार, ट्रिकसीन कधी, आणि त्याच्या आधी कुठलं पद आहे. ते पद सुरू झालं की बोट बटणावर.