विदर्भाच्या उन्हाळ्यात काम, घर आणि मन सांभाळायचं तर दिवस कसा मांडावा

आमच्या घरात मे महिन्यातली भांडणं दुपारी तीन ते पाचच्या मध्ये होतात. हे कळायला मला बराच वेळ लागला. मी पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेब नागपुरातून, घरूनच बघते. मुलं दोन, दोघंही सुट्टीत घरी. सासूबाई पंचाहत्तरीच्या, नवऱ्याची नोकरी फिरतीची. तीन वर्षांपूर्वी एका मे महिन्यात, घरात कुणीही आवाज चढवला की मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं वेळ लिहायला लागले. पंधरा दिवसांनी ते पान बघितलं आणि मनावरचं ओझं थोडं उतरलं. जवळजवळ सगळ्या नोंदी दुपारच्या होत्या, आणि आदल्या रात्री लाईट गेली असेल त्या दिवशी जास्त. भांडणाची कारणं मात्र रोज वेगळी: टीव्हीचा रिमोट, भिजत घालायचे राहिलेले तांदूळ, न उचललेला फोन.

म्हणून उन्हाळ्यात मन शांत ठेवायचं म्हटलं की मी सुरुवात मनाकडून करत नाही. आधी रात्रीची झोप, मग दुपार, मग कामाची वाटणी. याच क्रमानं पुढे लिहिते आहे.

1. आठवडाभर कॅलेंडरवर नोंद ठेवा

तीनच गोष्टी लिहायच्या: चिडचिड कोणत्या वेळी झाली, त्याच्या आदल्या रात्री झोप किती झाली, आणि त्या माणसाच्या पोटात शेवटचं पाणी किंवा खाणं कधी गेलं. कोण चुकलं ते लिहायचं नाही. आठवड्याभरात आपल्या घराची नाजूक वेळ समोर येते. कुणाकडे ती दुपारची असेल, कुणाकडे रात्री साडेनऊची, सगळे दमून एकाच खोलीत जमतात तेव्हाची.

2. आधी रात्र थंड करा

मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. नागपुरात 23 मे 2013 ला तो 47.9 वर गेला होता. बातम्यांत हाच दुपारचा आकडा येतो. घरातल्या माणसांच्या मनःस्थितीसाठी मी मात्र रात्रीचा आकडा बघते. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो, आणि अंग निवत नाही. सलग चार रात्री अशा गेल्या की शहाणं माणूसही क्षुल्लक गोष्टीवरून रडकुंडीला येतं.

वरचा मजला आपला असेल तर मार्चमध्येच गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, स्लॅब कमी तापतो. पाण्याची टंचाई नसेल तर ऊन उतरल्यावर गच्चीवर सडा घाला. खिडक्या सकाळी आठ-साडेआठलाच बंद, पडदे ओढलेले. रात्री बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडायचं. भर दुपारी "जरा हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडली तर आत फक्त झळा येतात.

कूलरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण विदर्भात निम्मी शांतता त्याच्यावर अवलंबून असते. ताटीतलं पाणी कोरड्या हवेत उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटतं. याचा अर्थ त्याला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला ठेवा आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी चार बोटं उघडी ठेवा. सगळं घट्ट बंद केलं की तासाभरात खोलीत चिकचिक होते आणि माणसं कूलरला दोष देतात. वाळ्याची ताटी मिळाली तर जरूर लावा. त्या वासानं संध्याकाळ बदलते, हे मी अनुभवानं सांगते.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचाच. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं जातात, लहान मुलंसुद्धा. अर्थिंग तपासून घ्या आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच आठ-दहा दिवसांत तयार होतो.

3. कामाचे तास सरकवा, आणि ते मार्चमध्येच ठरवून घ्या

ज्या कामाला डोकं लागतं ते पहाटे. मी साडेपाचला बसते आणि साडेनऊपर्यंत अवघड हिशेब संपवते. अकरा ते एक सोपी कामं. एक ते चार शक्यतो काहीही नाही. पाच ते सात उरलेलं. कंपनीला हे पटवताना "इथे फार गरम होतं" असं म्हणून चालत नाही. एसीत बसलेल्या माणसाला ते तक्रारीसारखं ऐकू येतं. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि नकार मिळाला. पुढच्या वर्षी मी लिहून दिलं: एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत माझं काम सकाळी दहाच्या आत तुमच्या हातात असेल, दुपारच्या मीटिंगा साडेचारनंतर घ्याव्यात, तातडीचं असेल तर फोन चालू आहे. लगेच होकार आला. समोरच्याला त्याचं काम कधी मिळणार एवढंच कळायला हवं असतं.

लाईट जाणार हे धरूनच चला. राऊटरला छोटा बॅकअप लावा. साधा पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 ते 35. इन्व्हर्टरवर हा बीएलडीसी पंखा दुप्पट वेळ चालतो, म्हणून निदान एका खोलीत तो असावा. लाईट गेली की सगळ्यांनी त्याच खोलीत यायचं, हेही आधीच ठरवून ठेवा.

4. स्वयंपाकघर दहाच्या आत बंद करा

माझ्या दृष्टीनं हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि हिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. कूलर हॉलमध्ये असतो. तिथे बसलेली माणसं गार असतात. गॅसजवळ उभी असलेली बाई बाराच्या सुमाराला पोळ्या लाटत असते, घामानं निथळत, पंखा बंद, कारण पंख्यानं गॅस विझतो. मग तिचा एक शब्द तिखट गेला की घर म्हणतं, "हिला उन्हाळ्यात काय होतं कोण जाणे." तिला जे होतं त्याचं कारण त्या ओट्यापाशी आहे.

पोळ्या-भाजी सकाळी नऊ-साडेनऊच्या आत. दुपारी गॅस पेटवायचाच नाही. सकाळच्या पोळ्या, दहीभात, काकडीची कोशिंबीर, कांदा, ताक एवढ्यात दुपारचं जेवण उत्तम होतं. कैऱ्या एकदाच उकडून गर गुळासह फ्रीजमध्ये ठेवला की आठवडाभर पन्हं दोन मिनिटांत तयार. सातूचं पीठ घरात ठेवा, गूळ आणि पाणी घालून मुलंसुद्धा स्वतः कालवून खातात. रात्री कुकर लावायचा तर सूर्य मावळल्यावर. गरम पाणी, चहा यांसाठी इलेक्ट्रिक किटली वापरा, ओट्याजवळचा ताप पुष्कळ कमी होतो. टेबल फॅन गॅसच्या दिशेनं न लावता पाठीवर, पायांकडून लावा, ज्योत हलत नाही.

आमच्याकडे आता दुपारी कुणाला चार वाजता काही गरम हवं असेल तर त्यानं स्वतः करायचं. नवऱ्यानं पहिल्या आठवड्यात दोनदा चहा केला, आणि मग आपणहून ताकावर आला. ओट्यापाशी उभं राहिल्यावर त्याला जे कळलं, ते माझ्या दहा वर्षांच्या बोलण्यातून पोचलं नव्हतं.

वाळवणाचंही तसंच. कुरडया, पापड, शेवया करायच्या असतील तर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे, तीन-चार घरांनी मिळून. मेच्या भर उन्हात एकटीनं चीक घोटायचा नाही. विकत आणले तरी घराची अब्रू जात नाही.

5. मुलांची दुपार रिकामी ठेवू नका आणि भरूनही टाकू नका

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, म्हणजे सुट्टी लांब. खेळायला सहा ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर. दुपारी एक ते अडीच "आडवं व्हायची वेळ": झोप आली पाहिजे असं नाही, पण बोलायचं नाही, पडून वाचलं तरी चालेल. अडीचनंतर एक ठरलेलं काम: माठ भरणं, कूलरमध्ये पाणी घालायला मोठ्यांना मदत (प्लग मोठ्यांनीच काढायचा), आजीकडून पत्ते शिकणं, आमरसासाठी आंबे पिळणं. मोबाईलला एक तास द्या आणि तो तीन ते चार असा ठरवून द्या. दिवसभर "पुरे आता" म्हणत राहण्यापेक्षा हे सगळ्यांना सोसतं.

मुलं "बोअर होतं" म्हणतील. म्हणू द्या. त्यावर उपाय शोधणं हे आईचं काम नाही.

6. बाहेरून आलेल्या माणसाला वीस मिनिटं द्या

जो उन्हातून येतो त्याला दारातच प्रश्न विचारायचे नाहीत. ना गॅस सिलिंडरचा, ना फीचा, ना त्याच्या बहिणीच्या फोनचा. आधी सावलीत बसणं, पाणी, गूळ, हातपाय धुणं. वीस मिनिटांनी बोला. आमच्या घरात हा नियम सगळ्यांना लागू आहे, घरूनच काम करून खोलीबाहेर येणाऱ्या मलाही. माझा प्रवास फक्त एका दाराचा असला तरी डोकं तितकंच तापलेलं असतं.

वयस्कर माणसांना तहान कमी जाणवते. "पाणी हवं का?" असं विचारलं की सासूबाई "नको" म्हणतात. भरलेला पेला हातात दिला की पितात. तासातासाला कुणी द्यायचा हे नावानिशी ठरवा. ही जबाबदारी आमच्या धाकट्याकडे आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती पाणी चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या.

7. उन्हाची चिडचिड आणि आजार यांतला फरक ओळखा

डोकं दुखणं, थकवा, चक्कर, भरपूर घाम असेल तर सावली, गार पाणी आणि मीठ-साखरेचं पाणी. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

मनाच्या आजारावरची काही औषधं, रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या यांमुळे उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. लिथियम घेणाऱ्यांच्या शरीरात पाणी कमी पडलं तर औषधाचं प्रमाण रक्तात वाढू शकतं. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. एप्रिल लागण्याआधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यायचं.

आणि रात्र गार गेली, झोप झाली, तरी दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते उन्हावर ढकलू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणाची अशी अवस्था दिसली तर त्याला सल्ला देत बसण्यापेक्षा शेजारी बसून तो फोन लावून द्या.

8. जूनचे पहिले पंधरा दिवस वेगळे धरा

मे संपला की आपण सुटकेचा श्वास सोडतो, आणि मग मला सगळ्यात कठीण वाटणारा काळ सुरू होतो. पाऊस विदर्भात साधारण जूनच्या मध्याला पोचतो. त्याआधी हवेत दमटपणा भरतो, पाणी उडत नाही आणि कूलर निकामी होतो. आता पंप बंद करून कूलरचा नुसता पंखा चालवा, खिडक्या सगळ्या उघडा, दिवसातून दोनदा अंघोळ करा. शाळेची खरेदी, वह्यांना कव्हरं घालणं, पाहुण्यांना परत पाठवणं हे सगळं याच दिवसांवर येऊन पडतं. त्यातली खरेदी मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या उरकून घ्या. कॅलेंडरवरची नोंद पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत चालू ठेवा.