नवी बिल्ड स्क्रिप्ट दोनदा चालवून बघा

बिल्ड स्क्रिप्ट (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या कमांडची फाइल) लिहायला लागलो तेव्हा फाइल कॉपी करणं हे मला वेगळं काम वाटतच नव्हतं. एक ओळ लिहिली की झालं. त्याच एका ओळीपायी माझे दोन दिवस गेले.

कोडमध्ये बदल केला, बिल्ड विनातक्रार पूर्ण झाला, पण प्रोग्रॅम जुनाच चालत होता. मी कोडच पुन्हा पुन्हा तपासत बसलो. घोळ होता लिनक्सवरच्या 'सीपी -आर बिल्ड डिस्ट' या ओळीत, म्हणजे बिल्ड हे अख्खं फोल्डर डिस्टमध्ये कॉपी करण्याच्या कमांडमध्ये. डिस्ट फोल्डर नसेल तर ही कमांड बिल्ड फोल्डरची प्रत डिस्ट या नावाने तयार करते. डिस्ट आधीपासून असेल, तर प्रत त्याच्या पोटात, डिस्ट/बिल्ड अशी जाते. त्यामुळे पहिल्या वेळी सगळं बरोबर होतं. दुसऱ्या वेळी नव्या फाइल एक पायरी आत गेल्या आणि वर जुन्या तशाच राहिल्या. एरर एकही नाही! आता मी आधी डिस्ट पुसतो, मग कॉपी करतो, आणि नवी स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवल्याशिवाय कुणाच्या हाती देत नाही. पुसण्याचा पाथ (फोल्डरचा पत्ता) व्हेरिएबलमधून येत असेल तर ते रिकामं नाही ना, हे त्याआधी तपासाच. रिकामं निघालं तर भलतंच फोल्डर पुसलं जाऊ शकतं.

पाथबद्दल नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे '../सोर्स' (एक पायरी वर जाऊन तिथलं सोर्स फोल्डर) हा पाथ स्क्रिप्टच्या जागेपासून मोजला जातो. तसं नाही. स्क्रिप्ट चालवताना तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असता, तिथून तो मोजला जातो. म्हणून स्वतःच्या मशीनवर चालणारी स्क्रिप्ट सर्व्हरवर 'फाइल सापडली नाही' म्हणते. स्क्रिप्टची स्वतःची जागा आधी काढा (पॉवरशेलमध्ये 'पीएसस्क्रिप्टरूट', पायथॉनमध्ये '__फाइल__') आणि बाकीचे पाथ तिच्यापासून जोडा. पाथभोवती अवतरणचिन्हं हवीतच. फोल्डरच्या नावात एक स्पेस आली की शेलला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) एकाचे दोन पाथ दिसतात.

विंडोजवर रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरत असाल तर एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) 1 बघून घाबरू नका. त्याचा अर्थ फाइल नीट कॉपी झाल्या. अपयश 8 पासून पुढे. बिल्ड सर्व्हर (बिल्ड आपोआप चालवणारं मशीन) मात्र शून्य सोडून काहीही आलं की बिल्ड फेल ठरवतो, म्हणून 8 पेक्षा लहान कोडला स्क्रिप्टनेच शून्य करून द्यावं लागतं.

आणि कॉपीच्या ओळीआधी 'कुठून' आणि 'कुठे' हे दोन्ही पूर्ण पाथ लॉगमध्ये छापा. त्या दिवशी ते छापलेले असते, तर मी कोड उघडलाही नसता.