कॅप्टन कुकचं घराणं शोधताना या चुका टाळा

अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याचा थेट वंशज आज जगात एकही नाही. वंशवृक्षांच्या संकेतस्थळांवर त्याच्या नावाखाली नातवंडं-पतवंडं लटकवलेली सर्रास दिसतात आणि कुक आडनावाच्या कितीतरी घरांत 'आपण त्याच्याच वंशातले' हे पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं. कागद तपासायला घेतले की ही सगळी झाडं एकाच फांदीवर मोडतात.

कुक आणि एलिझाबेथ बॅट्स यांचं लग्न २१ डिसेंबर १७६२ ला बार्किंगच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये लागलं. मुलं सहा झाली. जोसेफ (१७६८) आणि जॉर्ज (१७७२) तान्हेपणीच गेले. मुलगी एलिझाबेथ १७७१ मध्ये गेली, तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती. नॅथॅनिएल १५ वर्षांचा असताना ऑक्टोबर १७८० च्या वेस्ट इंडीजमधल्या चक्रीवादळात 'थंडरर' या युद्धनौकेबरोबर बुडाला. धाकटा ह्यू केंब्रिजला ख्राइस्ट्स कॉलेजात शिकत असताना डिसेंबर १७९३ मध्ये तापाने वारला, आणि पाच आठवड्यांनी थोरला जेम्स इंग्लंडच्या 'पूल' नावाच्या बंदराजवळ होडीतून आपल्या जहाजाकडे जाताना मरण पावला. यातल्या कुणालाच मूलबाळ नव्हतं. केंब्रिजच्या सेंट अँड्र्यू द ग्रेट चर्चमधल्या स्मृतिशिलेवर हा हिशोब कोरलेला आहे. 'आमचा पूर्वज कुकचा मुलगा' असं कुणी म्हटलं, तर सहांपैकी नेमका कोणता एवढंच विचारा.

मग वारसा शोधायचा कुठे? बहिणीकडे. धाकटी बहीण मार्गारेट इंग्लंडमधल्या 'रेडकर' या किनाऱ्यावरच्या गावच्या जेम्स फ्लेक नावाच्या मच्छीमाराला दिली होती आणि तिचा वंश चालू राहिला. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या कुळवृत्तांतांत मुलीची शाखा लग्नापाशी थांबते. त्या सवयीने हे झाड काढलंत तर कागदावर कुणीच उरणार नाही.

फ्लेक शाखेवर काम करताना वरून खाली येऊ नका, स्वतःपासून मागे जा. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडमध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली, म्हणून तिथपर्यंतचा रस्ता सोपा आहे. पहिली खोच १८४१ च्या जनगणनेत: १५ वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. ३९ वर्षांचा माणूस तिथे ३५ चा दिसतो. त्यावरून जन्मसाल काढून चर्चच्या वहीत शोधलं, तर भलताच माणूस हाती लागतो. त्यामुळे चार-पाच वर्षांची मोकळीक ठेवूनच शोधा. त्याआधीच्या रेडकरच्या नोंदी मार्स्क आणि अपलीदम या शेजारच्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीच्या) वह्यांत पाहाव्या लागतात. रेडकर नावाची वही नाही म्हणून माणूसच नव्हता, असं समजू नका.

डीएनए चाचणीकडूनही भलत्या अपेक्षा नकोत. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा कुकच्या मुलांबरोबर संपला, त्यामुळे 'कुकचा वाय' कुणाशी थेट ताडून पाहता येत नाही. आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए मार्गारेटपासून लेकीच्या लेकीपर्यंत, मध्ये एकही पुरुष न येता आला असेल तरच उपयोगाचा. बाकी सर्वसाधारण चाचणीत सहा-सात पिढ्यांपूर्वीचं नातं खरं असूनही काहीच न जुळणं नेहमीचंच आहे. अहवाल कोरा आला म्हणून कागदावर सिद्ध झालेली शाखा तोडू नका. दंतकथा खोडायला मात्र चाचणी कामी येते: सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममधला एक बाण कुकच्या हाडाचा म्हणून वर्षानुवर्षं सांगितला जायचा. चाचणीत तो चक्क प्राण्याच्या शिंगाचा निघाला.

तारखांचे तीन सापळे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये नवी दिनगणना घेतली, तेव्हा २ तारखेनंतर थेट १४ उजाडली. म्हणून कुकचा जन्म कुठे २७ ऑक्टोबर १७२८ आणि कुठे ७ नोव्हेंबर दिसतो. दोन्ही बरोबर, पण मार्टन या जन्मगावच्या चर्चमधला बाप्तिस्मा ३ नोव्हेंबरचा, जुन्या पद्धतीचा आहे. नवी जन्मतारीख आणि जुनी बाप्तिस्म्याची तारीख शेजारी ठेवलीत तर पोराचा बाप्तिस्मा जन्माआधी होतो!

दुसरा सापळा वर्षारंभाचा. १७५२ पूर्वी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. वहीत 'फेब्रुवारी १७२७' असेल तर आपल्या हिशोबाने ते १७२८. आपल्या टिपणात 'फेब्रुवारी १७२७/२८' असंच लिहा. मात्र कुकचे वडील स्कॉटलंडमधल्या एडनम गावचे, आणि स्कॉटलंडने १ जानेवारीचा वर्षारंभ १६०० सालीच स्वीकारला होता. त्यामुळे तिकडच्या नोंदींना ही दुरुस्ती लावायची नाही.

तिसरा सापळा जहाजावरचा. समुद्रात असताना 'एंडेव्हर'च्या, म्हणजे कुकच्या पहिल्या सफरीच्या जहाजाच्या, रोजनिशीत दिवस दुपारी बारापासून मोजला आहे, म्हणजे आपल्या दिवसाच्या बारा तास आधी. शिवाय कुक पश्चिमेकडे प्रवास करत गेला आणि वाटेत एक दिवस पुढे ढकलला नाही; बटाव्हियाला (आजचं जकार्ता) पोहोचल्यावर त्याच्या वहीत १० ऑक्टोबर १७७० होती आणि गावात ११. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या नोंदींसाठी हिशोब असा: सकाळची घटना असेल तर एक दिवस मिळवा, दुपारनंतरची असेल तर दोन फरक एकमेकांना खातात आणि तारीख तीच राहते. १९ एप्रिल १७७० च्या पहाटे दिसलेला किनारा म्हणूनच आजच्या हिशोबाने २० एप्रिलचा, आणि आजच्या सिडनीजवळच्या बॉटनी बे या खाडीत दुपारी उतरल्याची २९ एप्रिल मात्र २९ च. नोंदीत आधी दुपार आणि मग सकाळ असा क्रम दिसला की जहाजी दिवस समजा.

एकाच नावाची माणसं

१७६५ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलिझहून मेक्सिकोतल्या मेरिदाला गेलेला आणि त्यावर पुस्तिका लिहिणारा लेफ्टनंट जेम्स कुक वेगळा. आपला कुक तेव्हा आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा किनारा मोजत होता आणि लेफ्टनंट झाला तो १७६८ मध्ये. 'एंडेव्हर'वरही तो लेफ्टनंटच होता. नौदलातली कॅप्टनची पायरी त्याला १७७५ मध्ये मिळाली. १७७० च्या एखाद्या कागदावर 'कॅप्टन' अशी अधिकृत पदवी दिसली तर तो कागद पुन्हा तपासा.

नौदलाचे हजेरीपट लंडनमधल्या 'क्यू' इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम ३६ या मालिकेत आहेत. 'एंडेव्हर'च्या पटावर कुकच्या दोन मुलांची नावं आहेत, पण म्हणून ती सफरीला गेली नव्हती. थोरला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता. पुढे बढती मिळायला समुद्रसेवेची वर्षं लागत, म्हणून पोरांची नावं आधीच चढवून ठेवायची ही तेव्हाची सर्रास चाल होती. पटावर नाव म्हणजे माणूस जहाजावर, असं धरू नका; दुसऱ्या स्वतंत्र कागदाची जोड हवी.

मेलबर्नला मुलांकडे गेलेली आपली मंडळी फिट्झरॉय गार्डन्समधली 'कुक्स कॉटेज' बघून येतात आणि कुकचं जन्मघर पाहिलं म्हणतात. ते घर त्याच्या आईवडिलांचं, ग्रेट एटनचं, दारावर १७५५ साल कोरलेलं. पोरगा त्याआधी दहा वर्षं घराबाहेर पडला होता. १९३४ मध्ये ते उतरवून २५३ पेट्या आणि ४० पिंपांतून ऑस्ट्रेलियाला आणलं. जन्माची झोपडी मार्टनला होती आणि ती कधीच पाडली गेली.

राहिली कुकची स्वतःची वाक्यं. १७७३ मध्ये छापलेला पहिल्या सफरीचा वृत्तांत जॉन हॉक्सवर्थने लिहिला. त्यातला 'मी' कुक असल्यासारखा बोलतो, पण त्यात सफरीवरचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सचं लिखाण आणि हॉक्सवर्थची स्वतःची भर मिसळली आहे. अवतरण द्यायचं तर कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली कुकच्या हातची रोजनिशी पाहा. तिची छायाचित्रं ऑनलाइन आहेत. आणि लिलावात कुकने बायकोला लिहिलेलं पत्र म्हणून काही समोर आलं, तर खिशात हात घालण्याआधी थांबा. एलिझाबेथने मरणापूर्वी त्याची पत्रं जाळून टाकली होती. तरुणपणी ज्याच्याकडे तो खलाशीकाम शिकला त्या व्हिटबीच्या जहाजमालक जॉन वॉकरला लिहिलेली मात्र शिल्लक आहेत, हस्ताक्षर ताडायला तीच घ्या.